मत देण्याआधी पिक्चर बघा

काही वर्षांपूर्वी एका लहानशा चित्रपट महोत्सवाच्या निवड समितीत माझं नाव घातलं गेलं. चार दिवसांत १४ चित्रपट. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणात मसालेभात आणि श्रीखंड होतं, आणि त्यानंतरच्या चित्रपटात मला झोप लागली. डुलकी नव्हे, चांगली अर्ध्या तासाची झोप. जाग आली तेव्हा पडद्यावर नायकाची आई ओक्साबोक्शी रडत होती आणि माझ्या शेजारचे परीक्षक चष्मा काढून डोळे पुसत होते. मी त्या आईला अभिनयाचे १०० पैकी ८२ गुण दिले. पटकथेच्या रकान्यात ७० लिहिले. जिचा अर्धा तास मी पाहिलाच नव्हता, त्या पटकथेला ७०! आई का रडते आहे हेसुद्धा मला धड कळलं नव्हतं. समितीने सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढली आणि त्या बाईंना बक्षीस मिळालं. बाई चांगल्या नटी आहेत, बक्षीस योग्यही असेल. माझे ८२ मात्र खोटे होते.

हे आधीच सांगून टाकलं, कारण आता मी तुम्हाला चार गोष्टी सांगायला बसलोय आणि सांगणारा स्वतः किती पाण्यात आहे ते तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

पूर्वी बक्षीस ठरवणारी माणसं वेगळी असायची आणि दुसऱ्या दिवशी पेपरात नावं वाचणारे आपण वेगळे. आता तसं राहिलेलं नाही. वाहिन्यांचे प्रेक्षकपसंतीचे पुरस्कार असतात, फोनवर लिंक येते, पाच नावं दिसतात, एकावर बोट ठेवायचं. भाचा सांगतो, ‘मामा, आपल्या गावचा पोरगा आहे, मत टाका.’ मामा टाकतात. पोराचा पिक्चर तालुक्याच्या टॉकीजला एकच आठवडा होता, मामांनी तो पाहिलेला नाही, भाच्यानेही पाहिलेला नाही. गावच्या पोराचं कौतुक करावं, जरूर करावं, पण त्यासाठी हार आहेत, फलक आहेत, शाळेत सत्कार ठेवता येतो. सर्वोत्कृष्ट अभिनेता कोण, या प्रश्नाचं उत्तर गावावरून कसं देणार?

न पाहता मत देण्यात आपण एकटे नाही, एवढं समाधान मात्र घेता येईल. ऑस्करचे सोहळे १९२९ पासून चालू आहेत. ज्या विभागात अंतिम फेरीचं मत द्यायचं त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असलेच पाहिजेत, असा नियम तिथल्या अकादमीने जाहीर केला तो २०२५ साली. म्हणजे त्याआधीची नव्वदहून जास्त वर्षं सभासदाच्या सदसद्विवेकबुद्धीवर भिस्त होती. जगातल्या नाणावलेल्या नट-लेखकांनाही ‘आधी बघा’ असं लेखी सांगावं लागलं, तर आपल्याला कुणी सांगितलं म्हणून राग कशाला मानायचा?

बरं, पाहिला. पुढे काय? खरी अडचण इथे सुरू होते, कारण अभिनय आणि लेखन ही दोन बक्षिसं वेगवेगळी असली तरी पडद्यावर ती एकमेकांत कालवलेली असतात. एखादं वाक्य आपल्याला भिडतं तेव्हा ते लिहिणाऱ्याचं की बोलणाऱ्याचं, हे पटकन सांगता येत नाही. आपण सरळ दोघांचंही श्रेय जो दिसतो त्याला देऊन मोकळे होतो. लेखक दिसत नाही.

१९८० चा ‘आक्रोश’ घ्या. गोविंद निहलानींचा हिंदी चित्रपट, पण कथा-पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. लहान्या भिकू नावाचा आदिवासी बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे. भास्कर कुलकर्णी हा त्याचा तरुण वकील त्याला परोपरीने विचारतो, समजावतो, चिडतो. लहान्या बोलत नाही. जवळजवळ अख्खा चित्रपट बोलत नाही. वकील झाले होते नसीरुद्दीन शाह आणि लहान्या ओम पुरी. पुढच्या वर्षी फिल्मफेअर पुरस्कारांत नसीरुद्दीन सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले, ओम पुरी सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेता, आणि कथा व पटकथा ही दोन्ही बक्षिसं तेंडुलकरांना मिळाली. संवादाचं बक्षीस गेलं ‘इन्साफ का तराजू’ला.

या निकालावर नुसतं बोट ठेवून पाहिलं तरी बरंच शिकायला मिळतं. ज्याच्या किंकाळीवरून चित्रपटाचं नाव पडलं, तो माणूस ‘सहाय्यक’ कसा? कारण पडद्यावर जास्त वेळ वकील आहे, बोलतो वकील, धावतो वकील. यादीचे कप्पे असे मिनिटांवर आणि वाक्यांवर पाडलेले असतात. त्यामुळे नामांकन कुठल्या कप्प्यात आहे यावरून काम मोठं की लहान ते ठरवू नका. कप्पा बहुतेकदा सोयीने ठरतो.

दुसरं म्हणजे, ओम पुरींच्या तोंडी जवळजवळ वाक्यच नाही, तर आपण त्यांना गुण कशाचे देणार? वकील विचारत असताना ती नजर कुठे जाते, मान किती वळते, हात कुठे असतात याचे. आणि तेंडुलकरांना कशाचे? या माणसाला बोलू द्यायचं नाही, हे ठरवण्याचे. लेखकाने घेतलेला हा सगळ्यात मोठा निर्णय आहे, आणि तो संवादाच्या वहीत कुठेच सापडत नाही. शेवटी बापाच्या अंत्यविधीला त्याला आणतात, तिथे तो कुऱ्हाड उचलून आपल्या तरण्या बहिणीला मारतो, बायकोच्या वाट्याला आलं ते तिच्या वाट्याला येऊ नये म्हणून. मग तो ओरडतो. ती किंकाळी ओम पुरींची. तिच्याआधीची दोन तासांची शांतता तेंडुलकरांची. ती शांतता नसती तर त्या ओरडण्याला काही किंमत आली नसती, आणि नट कच्चा असता तर ती शांतता नुसती कंटाळवाणी झाली असती.

माझ्यापुरती मी एक युक्ती करून ठेवलीय. प्रसंग आवडला की मनातल्या मनात त्या नटाच्या जागी दुसरा बरा नट उभा करायचा. तरीही प्रसंगातलं जे शिल्लक राहील ते लेखकाचं. जे उडून जाईल ते त्या नटाचं. हिशोब काटेकोर नाही, दिग्दर्शक, कॅमेरामन आणि संकलक यात आलेच नाहीत. तरी नुसतं ‘काय काम केलंय!’ म्हणण्यापेक्षा पुष्कळ बरा.

अभिनय पाहताना आपली नजर बोलणाऱ्यावर खिळलेली असते. ती थोडा वेळ ऐकणाऱ्यावर न्या. ‘सिंहासन’ (१९७९) अनेकांनी पाहिला असेल. निळू फुले म्हटलं की आपल्याला बेरकी पाटील, सरपंच, साखरसम्राट आठवतात. इथे ते दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत, आणि या टिपणीसचं मुख्य काम ऐकण्याचं आहे. मंत्री बोलतात, दलाल बोलतात, टिपणीस ऐकतो, सिगारेट ओढतो, जास्त काही म्हणत नाही. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि श्रीराम लागूंचा दाभाडे समोर असताना टाळ्या घेण्याची संधी टिपणीसला कुठे मिळत नाही. पण पुन्हा पाहाल तेव्हा टिपणीसचा चेहरा बघा. या सगळ्या खेळाबद्दलचं त्याचं मत हळूहळू कसं बदलत जातं ते त्यावर दिसतं, आणि म्हणूनच शेवटी त्याचं ते वेड्यासारखं हसत सुटणं आपल्याला खरं वाटतं. असं भूमिकेत टिकून राहण्याला नाटकवाले ‘बेअरिंग सुटलं नाही’ असं म्हणतात. आपलं वाक्य नसतानाही बेअरिंग न सुटणारा नट शोधा. पाचांच्या यादीत असा एखादाच निघतो.

आता उलट बाजूची अडचण. काही काम इतकं बेमालूम असतं की ते काम आहे हेच लक्षात येत नाही. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, सत्र न्यायालयातली एखादी खरीच सरकारी वकील आणून उभी केली आहे. त्या होत्या गीतांजली कुलकर्णी, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या, रंगभूमीवर मुरलेल्या. कायद्याची कलमं त्या ज्या सपाट, घाईच्या सुरात वाचतात, तसं वाचायला कोणत्याही नटाला जिवावर येईल, कारण नटाला शब्द रंगवून म्हणायची सवय असते. त्याच चित्रपटात शाहीर नारायण कांबळे झाले होते वीरा साथीदार, जे प्रत्यक्ष आयुष्यात चळवळीतले कार्यकर्ते होते. एक मुरलेली नटी आणि एक कधीच नट नसलेला माणूस, दोघंही पडद्यावर सारखेच खरे. ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिनयाच्या यादीत त्यातल्या कुणाचं नाव आलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं. आणि मला त्या नटीच जातीच्या वकील वाटल्या होत्या, म्हणजे मत द्यायची वेळ असती तर मीही त्यांना वगळलंच असतं.

म्हणून म्हणतो, ‘ह्यात काय, तो असाच आहे’ असं वाक्य तोंडात आलं की थांबा. तो खरंच तसा आहे का, की तसा वाटावा म्हणून त्याने कष्ट घेतलेत? त्याच नटाचं दुसरं एखादं काम काढून बघा, दहा मिनिटं पुरतात.

लेखनाच्या बाबतीत आपली फसगत ठरलेली आहे: वाक्य लक्षात राहिलं की लेखन उत्तम. डायलॉग रीलवर फिरला, रिक्षाच्या मागे लिहिला गेला, की लेखक जिंकला. लक्षात राहणारं वाक्य लिहायला कसब लागतं, नाही असं नाही. पण नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’तला तो प्रसंग आठवा. जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, सगळा गाव मजा बघतोय, आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. धावणारं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुकराला काही राष्ट्रगीत कळत नाही. या प्रसंगात पात्रांच्या तोंडी एक शब्द नाही, आणि गेल्या काही वर्षांतलं मराठीतलं याहून चांगलं लेखन मला चटकन आठवत नाही. इतिहास, शाळा, जात, देश, सगळं दोन मिनिटांत. हे कुणीतरी कागदावर आधी लिहिलेलं असतं, हे आपण विसरतो.

आपल्या राज्य पुरस्कारांत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी बक्षिसं असतात, आणि राष्ट्रीय पुरस्कारांतही बरीच वर्षं मूळ पटकथा, आधारित पटकथा आणि संवाद वेगळे काढले जात. ते उगाच नाही. कथा म्हणजे काय घडतं. पटकथा म्हणजे ते कुठून सुरू करायचं, काय दाखवायचं, काय झाकायचं, कुठे थांबायचं. संवाद म्हणजे माणसं काय बोलतात. ‘सामना’त तेंडुलकरांनी मास्तरच्या तोंडी मारुती कांबळेबद्दलचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा घातला. तो प्रश्न संवाद आहे, पण दर खेपेला तो नेमका कुठे विचारला जातो, हे पटकथेचं काम आहे. रकाना ‘पटकथा’ असेल तर आवडलेली वाक्यं बाजूला ठेवून प्रसंगांची रांग आठवून पाहा. मधले दोन प्रसंग काढले तर काही बिघडलं असतं का? उत्तर ‘नाही’ आलं तर गुण कापा.

आधारित पटकथेसाठी मूळ पुस्तक वाचलेलं असेल तर उत्तम. बाबा भांड यांच्या ‘दशक्रिया’ कादंबरीवरच्या चित्रपटासाठी संजय कृष्णाजी पाटील यांना आधारित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. ‘सिंहासन’मध्ये तर अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एकत्र विणल्या आहेत. वाचलेल्या माणसालाच कळतं की काय टाकून दिलंय. पुस्तकातलं सगळं आलं म्हणून खूश होऊ नका, चित्रपटवाल्याला टाकता आलं पाहिजे.

आणि एकाच माणसाने दोन्ही कामं केली असतील तर? ‘देऊळ’चे संवाद गिरीश कुलकर्णींनी लिहिले, केश्याही तेच झाले, आणि त्या वर्षी अभिनय आणि संवाद या दोन्हींचे राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाले. अशा वेळी मी एक बघतो: लेखकाने चांगली वाक्यं स्वतःकडे ठेवली का? केश्या भोळा, अडखळणारा. फर्डं बोलणं मिळालंय भाऊंना, म्हणजे नाना पाटेकरांना, आणि शहाणपण अण्णांना, म्हणजे दिलीप प्रभावळकरांना. नट असलेल्या लेखकाने इतकं हात आखडून स्वतःला वाढावं, हे मला त्यातलं सगळ्यात आवडलं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. अश्रू मोजू नका, ग्लिसरीन स्वस्त मिळतं. किलो मोजू नका. ‘नटरंग’साठी अतुल कुलकर्णींनी शरीर कमावलं आणि उतरवलं याची फार चर्चा झाली, पण त्यांचं खरं काम मनगटात आणि चालीत आहे, गुणा नाच्या होतो तेव्हा ते मनगट कसं हळूहळू मवाळ होतं ते पाहा. चरित्रपटात नट हुबेहूब दिसतो याचं अर्धं श्रेय रंगभूषाकाराचं. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त नंदू माधव यांनी फाळके कसे केले ते बघा, तिथे नक्कल करून भागण्यासारखं नव्हतं, खुळावलेला, हसरा, जिद्दी माणूस नव्याने उभा करावा लागला. लहान मुलांच्या बाबतीत गोड दिसण्याला गुण देऊ नका. लांब, न कापलेल्या शॉटमध्ये ते मूल टिकतं का, एवढंच पाहा.

आणि विनोदी काम. याबाबत आपण मराठी माणसं कृतघ्न आहोत, स्पष्टच बोलतो. वसंत सबनीसांनी लिहिलेल्या ‘अशी ही बनवाबनवी’तला धनंजय माने आपल्या घराघरांत पाठ आहे. टायमिंग, उच्चार, चारचौघांच्या गोंधळात आपली जागा न सोडणं, अशोक सराफांनी यात जे केलंय ते कुठल्याही रडक्या भूमिकेपेक्षा सोपं नाही. तरी यादी समोर आली की आपलं बोट आपोआप गंभीर चेहऱ्याकडे जातं. पुढच्या वेळी यादीत एखादं विनोदी काम असेल तर त्याला निदान बरोबरीचा वेळ द्या.

बोलीचंही एक आहे. पुण्यात बसून वऱ्हाडी बोलणाऱ्या नटाला ‘झकास पकडलीय भाषा’ म्हणणं सोपं. अकोल्याच्या आत्याला फोन लावून विचारा. मालवणीसाठी कुडाळचा, अहिराणीसाठी धुळ्याचा माणूस ओळखीत असतोच. त्यांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. एका चित्रपटातली वऱ्हाडी मला फार गोड वाटली होती, आमच्या आत्याने पाच मिनिटांत टीव्ही बंद केला.

पुरस्कारांत वशिला चालतो, पैसे चालतात, मग आपण एवढं कशाला करायचं, असं कुणी म्हणेल. ऋषी कपूर यांनी २०१७ मधल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय की तरुणपणी ‘बॉबी’च्या वेळी एका बक्षिसासाठी ३०,००० रुपये मोजले. खरं आहे, चालतं. पण त्याच काळात अभिनेते प्राणही होते. ‘बेईमान’साठी मिळालेलं सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर त्यांनी नाकारलं, कारण संगीताचं बक्षीस ‘पाकीजा’च्या गुलाम मोहम्मद यांना मिळायला हवं होतं असं त्यांचं म्हणणं होतं. गुलाम मोहम्मद तेव्हा हयातही नव्हते. स्वतःचं बक्षीस हातात असताना दुसऱ्याच्या कामाचा निवाडा करणारा असा माणूस आपल्यातलाच होता. पैसे आपण थांबवू शकत नाही. आपलं एक मत मात्र आपल्याच हातात आहे, त्यात कुणाचा वशिला चालत नाही. भाच्याचा सोडून.

तेव्हा माझी विनंती एवढीच. यंदा यादी आली की वही घ्या, नाहीतर फोनवरच लिहा. प्रत्येक नावापुढे तो चित्रपट पाहिला की नाही ते लिहा. पाहिलेल्यांपैकी प्रत्येकाचा एक प्रसंग लिहा, नुसतं ‘शेवटी रडतो’ नको, नेमका प्रसंग. लेखकांच्या नावापुढे एक अशी जागा लिहा जिथे कुणीच काही बोलत नाही. ज्याच्यापुढे लिहायला काही सुचत नाही त्याला मत देऊ नका, मग तो कितीही लाडका असो. परीक्षक म्हणून बोलावणं आलं तर दुपारी वरणभात घ्या, श्रीखंडाला हात लावू नका. आणि पाचांपैकी तीन चित्रपट पाहिलेले नसतील, तर तो रकाना कोरा सोडा.